लग्न न होता झालेलं मूल: बापाचं नाव, पोटगी आणि शेतीतला वाटा

प्रश्न थोडक्यात असा आहे. जोडपं शिरपूर तालुक्यातलं, काही वर्षं सुरतला कामाला, लग्न लागलेलं नाही. मुलगा सुरतच्या दवाखान्यात झाला. जन्मदाखल्यावर आईचं नाव आहे, वडिलांची जागा कोरी. आता दोघं गावी परतलेत आणि पोराला शाळेत घालायचंय. वडील आज नाव लावायला तयार आहेत, पण घरचे अडवतात, 'उद्या शेतीत वाटा मागेल' म्हणून. नाव कसं लावायचं, वडील उद्या फिरले तर काय, आणि नाव लागलं की शेतीत हक्क येतो का?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण भांडण तिथूनच उठतं. दाखल्यावर बापाचं नाव लागलं म्हणजे सातबारावर पोराचं नाव चढलं, असं होत नाही. पितृत्व एकदाच नोंदवून मोकळं व्हावं अशी एक खिडकी आपल्या कायद्यात नाही. नाव, पोटगी, पालकत्व आणि वारसा ही चार वेगळी कामं आहेत. त्यांचे कायदे वेगळे, कार्यालयं वेगळी, आणि एक झालं म्हणून दुसरं आपोआप होत नाही. वडिलांच्या घरच्यांना हे नीट सांगितलं तर निम्मा विरोध तिथेच मावळतो. आईलाही ते माहीत हवं. नाहीतर दाखला हातात आला की ती निर्धास्त होते, आणि बाप गेल्यावर वारसनोंदीच्या वेळी पोराचं नाव वगळलं गेलं की धावपळ सुरू होते.

कागदांना हात लावण्याआधी एक गोष्ट दोघांनी खरी खरी सांगायला हवी: 'लग्न झालं नाही' म्हणजे नेमकं काय झालं नाही? पत्रिका छापून, मांडव घालून झालं नाही एवढंच, की कुठलाच विधी नाही? पाट (साध्या रीतीचा पुनर्विवाह) लावला होता का? देवळात चार माणसांसमोर हार घातले होते का? जमातीच्या रीतीने देज (मुलीच्या घरच्यांना द्यायची रक्कम) ठरलं होतं का? यावर पुढचं सगळं फिरतं, आणि लोक नेमकं हेच वकिलाला अर्धवट सांगतात.

विधी झाला होता, पण पुरुषाची पहिली बायको हयात होती म्हणून ते लग्न कायद्याने रद्दबातल ठरतं, अशा वेळी हिंदू विवाह कायद्याचं कलम १६ मुलाच्या मदतीला येतं. लग्न रद्दबातल असलं तरी मूल औरस (कायदेशीर लग्नातलं) मानलं जातं, कोर्टाचा हुकूमनामा झालेला असो वा नसो. कुठलाच विधी नसेल तर कलम १६ लागत नाही. मग उरतो तो बराच काळ नवरा-बायकोसारखं राहिल्यावरून लग्न झालं असावं असं धरण्याचा मार्ग. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ च्या बद्री प्रसाद खटल्यात हे गृहीतक मान्य केलं आणि २०२२ मध्ये केरळच्या एका वाटणीच्या दाव्यात पुन्हा लावलं. पण ते खोडून काढता येतं, आणि समोरचा 'लग्न झालंच नव्हतं' हे सिद्ध करू शकला तर कोसळतं. म्हणून पुरावा जुना आणि सहज तयार झालेला हवा: दोघांची नावं एकत्र असलेलं रेशनकार्ड, मतदार यादी, भाडेकरार, गरोदरपणातलं माता-बाल संरक्षण कार्ड, बाळंतपणाचे केसपेपर. स्टँपपेपरवर आज लिहून घेतलेल्या 'एकत्र राहण्याच्या करारनाम्या'ला या कागदांपुढे फार वजन नाही, आणि त्याने लग्न तर मुळीच होत नाही.

तिसरी अवस्था सगळ्यात अवघड: आई कागदोपत्री अजून दुसऱ्याची बायको असणं. आपल्याकडे फारकत स्टँपपेपरवर, पंचांच्या सह्यांनी होते आणि लोक ती पक्की समजतात. त्या समाजात तशी रूढी आहे हे कोर्टात सिद्ध झालं तरच तिला अर्थ, एरवी पहिलं लग्न चालूच. आणि कायदेशीर लग्न चालू असताना किंवा ते संपल्यापासून २८० दिवसांत (आईने दुसरं लग्न केलेलं नसताना) झालेलं मूल कायदा पहिल्या नवऱ्याचंच धरतो. पूर्वी हे पुरावा कायद्याचं कलम ११२ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम ११६ आहे. नवरा-बायकोचा त्या काळात एकमेकांशी संबंध येणंच शक्य नव्हतं, हे दाखवल्याशिवाय ते हलत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये इव्हान रतिनम खटल्यात पुन्हा सांगितलं की हे गृहीतक मोडेपर्यंत औरसपणा आणि पितृत्व वेगळं काढता येत नाही. अशा घरात आधी पहिल्या लग्नाचा कायदेशीर घटस्फोट, मग पोराच्या नावाचं पाहायचं. क्रम उलटा केला की दोन्ही कामं अडकतात.

आता जन्मनोंद. जन्म जिथे झाला तिथेच नोंद होते आणि दुरुस्तीही तिथेच. शिरपूरच्या नगरपालिकेत किंवा गावच्या ग्रामपंचायतीत सुरतच्या नोंदीला कोणी हात लावू शकत नाही, म्हणून अर्ज सुरत महापालिकेच्या जन्म-मृत्यू विभागातच करावा लागतो. ऊसतोडीला किंवा बांधकामावर गुजरातेत गेलेल्या आणि मध्य प्रदेशातल्या सेंधवा, खेतिया, बऱ्हाणपूरच्या दवाखान्यात बाळंत झालेल्या सगळ्यांना हेच लागू. काही जण हा हेलपाटा टाळायला गावात नव्याने दुसरी नोंद करून घेतात. ते करू नका. एका जन्माच्या दोन नोंदी उघड झाल्या की दोन्हींवर संशय येतो, आणि मुद्दाम खोटी माहिती देणं हा जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याखाली गुन्हा आहे.

अविवाहित आईच्या बाबतीत निबंधकाने (जन्म-मृत्यूची नोंद करणाऱ्या अधिकाऱ्याने) बापाचं नाव दोघांच्या संयुक्त विनंतीशिवाय लिहायचं नसतं. तेव्हा दोघांनी एकत्र जायचं. सोबत संयुक्त प्रतिज्ञापत्र: मुलाची जन्मतारीख, दवाखाना, नोंदणी क्रमांक, 'हे मूल आमच्या दोघांचं आहे, आमचं लग्न झालेलं नाही, वडिलांचं नाव नोंदवावं ही दोघांची विनंती', आणि दोघांच्या सह्या. दोघांची आधारकार्डं, डिस्चार्ज कार्ड आणि मूळ दाखला जवळ ठेवा. नावांचं स्पेलिंग आधारवर जसं आहे तसंच लिहा. पुढची निम्मी दुरुस्ती यानेच वाचते. मूळ नोंद खोडली जात नाही. निबंधक समासात नोंद करतो, सही-तारीख घालतो आणि त्यावरून नवा दाखला देतो.

खिडकीवर हमखास विचारतात, 'लग्नाचा दाखला आणा.' लग्न नाही असं तुम्ही लिहून देताय, तर तो आणणार कुठून? शांतपणे सांगा की नकार लेखी द्या. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या २०२३ च्या दुरुस्तीने, म्हणजे १ ऑक्टोबर २०२३ पासून, निबंधकाच्या आदेशावर ३० दिवसांत जिल्हा निबंधकाकडे अपील करता येतं आणि त्याने ते ९० दिवसांत निकाली काढायचं असतं. तोंडी नकार अपिलात सिद्ध करणं अवघड जातं, म्हणून अर्जाची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

महाराष्ट्रात प्रतिज्ञापत्र करताना सेतूबाहेर बसलेले लोक ५०० चा स्टँप घ्यायला लावतात. सरकारी कार्यालयात किंवा न्यायालयात सादर करायच्या प्रतिज्ञापत्राला महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क माफ आहे. गुजरातच्या कार्यालयासाठी मात्र तिथला नियम चालतो, तिथे आधी विचारून घ्या.

मुलाची नोंदच झालेली नसेल तर गणित वेगळं. २१ दिवसांत केली तर फुकट, ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क, वर्षाच्या आत असेल तर वरिष्ठ अधिकाऱ्याची लेखी परवानगी. वर्ष उलटलं की जिल्हादंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. २०२५ मध्ये मालेगावात उशिरा दिलेल्या जन्मदाखल्यांवरून गदारोळ झाल्यापासून महाराष्ट्रात या उशिरा नोंदींची छाननी कडक झाली आहे. आशाताईंच्या नोंदी, लसीकरण कार्ड, दवाखान्याचे कागद यांच्याशिवाय तो अर्ज नेऊ नका. १ ऑक्टोबर २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच चालतो, तेव्हा ढकलत नेण्यात अर्थ नाही.

बाप यायला तयार नसेल तर ती जागा कोरी राहू द्या. कोऱ्या जागेने काही बिघडत नाही. २०१५ च्या एबीसी विरुद्ध दिल्ली राज्य खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की अविवाहित आईने प्रतिज्ञापत्र दिलं की मुलाचा दाखला द्यायचा, बापाचं नाव मागायचं नाही. २०२३ च्या दुरुस्तीने अशी आई कायद्यातच माहिती देणारी म्हणून आली आहे. बिघडतं ते चुकीच्या नावाने. अब्रू झाकायला आजोबांचं, मामाचं किंवा फारकत दिलेल्या नवऱ्याचं नाव बापाच्या रकान्यात घालतात. दहावीला कोणाच्या लक्षात येत नाही, पण जातपडताळणीत किंवा वारसाच्या दाव्यात ते नाव पोराच्या विरोधात उभं राहतं. कोऱ्या जागेत नाव भरणं निबंधकाच्या हातात आहे. एका बापाच्या जागी दुसरा बाप लिहिणं त्याच्या हातात नाही, त्याला कोर्टाचा हुकूम लागतो. आणि राजपत्रात नाव बदलून घेतल्याने फक्त नाव बदलतं, बाप सिद्ध होत नाही.

शाळेत आधी दाखला दुरुस्त करून मगच नाव घाला. जनरल रजिस्टरमधली (शाळेच्या प्रवेश नोंदवहीतली) नोंद मूल शाळेत असेपर्यंत मुख्याध्यापकांमार्फत शिक्षण विभागाच्या मंजुरीने बदलता येते. शाळा सोडल्यावर तेच काम दसपट जड होतं.

वडील फिरले तर? पहिलं हत्यार पोटगी. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं १२५. त्यात मूल औरस की अनौरस हा भेदच नाही, धर्म नाही, जमातही नाही. बापाकडे ऐपत असून तो सांभाळत नाही एवढं पुरे. अर्ज जिथे कौटुंबिक न्यायालय आहे तिथे त्यात, नाहीतर प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. हद्दीची चूक इथे फार होते: अनौरस मुलासाठी अर्ज बाप सध्या जिथे आहे किंवा राहतो तिथे, किंवा तो मुलाच्या आईसोबत शेवटचा जिथे राहिला तिथे केला की हद्दीचा वाद उरत नाही. बाप शिरपुरातच असेल तर शिरपूरला, आणि सुरतचे हेलपाटे टळतात. अंतरिम (निकाल लागेपर्यंतच्या) पोटगीचा अर्ज त्याच दिवशी जोडा. नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत तो निकाली निघावा असं कायदा म्हणतो. २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालापासून दोन्ही बाजूंनी उत्पन्न-मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र देणं भाग आहे, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरली जाते. म्हणून थांबून राहिल्याने नुकसान मुलाचंच. त्याची बागायत किती, केळी आहे की कपाशी, सातबारा आणि आठ-अ कोणत्या गटांचे, ट्रॅक्टर कोणाच्या नावावर, हे आधी जमवा. 'शेती वडिलांच्या नावावर आहे, मी मजूर' हे उत्तर ठरलेलं असतं. थकबाकी वर्षाच्या आत मागा, नंतर त्या रकमेसाठी वॉरंट निघत नाही.

पोटगीच्या अर्जात 'मूल माझं नाही' असं लेखी उत्तर आलं की डीएनएचा प्रश्न येतो. आई दुसऱ्या कोणाची कायदेशीर बायको नसेल तर २८० दिवसांचं गृहीतक आड येत नाही, आणि चाचणी मिळणं त्या मानाने सोपं. तरी कोर्ट ती मागितली म्हणून देत नाही. १९९३ च्या गौतम कुंडू निकालापासून धोरण हेच, की नुसत्या शंका काढून पाहायला चाचणी नाही. संबंधांचा प्राथमिक पुरावा आधी रेकॉर्डवर हवा: फोटो, मेसेज, पैसे पाठवल्याच्या नोंदी, दवाखान्यात नवरा म्हणून केलेली सही. मग चाचणीचा अर्ज. आई, मूल आणि तो पुरुष, तिघांचे नमुने कोर्टाच्या आदेशाने, ओळख पटवून, फोटो लावलेल्या फॉर्मवर सह्या-अंगठे घेऊन, सीलबंद करून सरकारी न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जातात. खाजगी लॅबला कुरिअरने थुंकी पाठवून आणलेला अहवाल इथे फार उपयोगाचा नाही, कारण तो नमुना कोणाचा हेच सिद्ध होत नाही. त्या पुरुषाने नमुना द्यायला नकार दिला तर कोर्ट त्याच्याविरुद्ध निष्कर्ष काढू शकतं, आणि नकाराची नोंद रोजनाम्यात (कोर्टाच्या त्या दिवसाच्या कामकाजाच्या नोंदीत) येईल हे तुमच्या वकिलाने पाहायचं.

पोटगीच्या हुकमात 'हा बाप आहे' असं म्हटलं तरी ते पोटगीपुरतं. कायमचं ठरवून घ्यायचं तर घोषणेचा दावा लागतो, कौटुंबिक न्यायालय असेल तिथे त्यात, नसेल तिथे दिवाणी न्यायालयात. मूल अज्ञान (१८ च्या आतलं) असल्याने आई त्याची वादमित्र म्हणून, म्हणजे त्याच्या वतीने, दावा लावते. तो हुकूमनामा मिळाला की निबंधकाकडे नाव घालणं उरलेलं कारकुनी काम. खान्देशातली अपिलं उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात जातात. खर्चाचा अंदाज बांधताना तेही धरा. बाई आणि मूल यांना मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही. तालुका किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा, फोन १५१००.

आता शेती. कुठलाच विधी नसलेल्या संबंधातलं मूल हिंदू वारसा कायद्यात आईचं वारस असतं, बापाचं नाही. बापाने दाखल्यावर सही केली, डीएनए जुळलं, तरी यात फरक पडत नाही. आणि वडिलांच्या घरच्यांची भीती फोल ठरते तीही इथेच. रद्दबातल लग्नातलं, म्हणजे कलम १६ चं मूल मात्र आई-बापाच्या मालमत्तेत वारस होतं. सर्वोच्च न्यायालयाच्या १ सप्टेंबर २०२३ च्या रेवनसिद्दप्पा निकालाने सांगितलं की वडिलोपार्जित शेतीत त्याला जन्मतः हिस्सा नाही, पण बापाच्या मृत्यूच्या आधी वाटणी झाली असं धरून बापाच्या वाट्याला जेवढं आलं असतं, त्यात त्याचा हक्क आहे. काका-आजोबांच्या हिश्श्याला तो हात लावू शकत नाही. मुस्लिम कुटुंबात, हनफी सुन्नींमध्ये, विवाहबाह्य मूल आईकडून वारसा घेतं, बापाकडून नाही.

म्हणून ज्या बापाला पोराला काही द्यायचंच आहे, त्याने मृत्युपत्र करावं. स्वतः कमावलेली मिळकत आणि एकत्र कुटुंबातला स्वतःचा हिस्सा, दोन्ही त्यात देता येतात. दोन साक्षीदारांनी त्याच्यासमोर सही करायची, साक्षीदार तरुण आणि गावातच राहणारे घ्या, आणि लाभ मिळणारं मूल किंवा त्याची आई साक्षीदार नको. नोंदणी सक्तीची नाही, पण खान्देशात भाऊबंदकी लक्षात घेता दुय्यम निबंधकाकडे नोंदवाच. नॉमिनी म्हणून नाव लावलं म्हणजे वारस केलं, हा गैरसमज बँकेच्या खात्यांबाबत सर्रास आढळतो. नॉमिनीने पैसे घेऊन वारसांना द्यायचे असतात. बाप काहीच न लिहिता वारला, तर हिंदू दत्तक व पोटगी कायद्याखाली अज्ञान अनौरस मुलाला बापाच्या मिळकतीतून पोटगी मागता येते, ज्यांच्या हातात ती मिळकत गेली त्यांच्याकडून.

विधी झाला असेल पण नोंदणी नसेल, आणि आज दोघांचा दुसरा कोणी जोडीदार नसेल, तर एक मार्ग फार कमी लोक वापरतात. विशेष विवाह कायदा १९५४ चं कलम १५. पूर्वी झालेल्या विधीचं लग्न त्याखाली नोंदवता येतं. दोघांनी २१ पूर्ण केलेली हवीत, विधीपासून सोबत राहत असायला हवेत, आणि अर्जाआधी किमान ३० दिवस त्या जिल्ह्यात राहिलेले हवेत. नोटिशीचे ३० दिवस जाऊ द्यावे लागतात. नोंदणी झाली की त्या विधीच्या तारखेनंतर झालेली मुलं पहिल्यापासूनच औरस मानली जातात आणि त्यांची नावं विवाह प्रमाणपत्र पुस्तकात लिहिली जातात. नावं लिहून घेतल्याशिवाय परत येऊ नका. विधी झालाच नसेल तर खोटी तारीख घालून हे करू नका. भाऊबंद एक फोटो आणून ते पाडतात.

शहादा, धडगाव, अक्कलकुवा आणि चोपडा-यावलच्या सातपुडा पट्ट्यातल्या भिल्ल, पावरा जोडप्यांचं वेगळं बघावं लागतं. अनुसूचित जमातींना हिंदू विवाह आणि वारसा कायदे लागू नाहीत, रूढी लागू. एकत्र राहणं आधी आणि खर्चाचं लग्न पैसा जमला की नंतर, हे तिथे नवं नाही. शहरातला वकील त्याला पटकन 'अनौरस' म्हणून मोकळा होतो, आणि तिथेच दावा हरतो. रूढी मात्र नुसती सांगून चालत नाही: जमातीतल्या जुन्या माणसांची साक्ष, देज दिल्याची नोंद, तशा जोडप्यांच्या मुलांच्या नावे झालेले आधीचे फेरफार, हे समोर ठेवावं लागतं. पोलीस पाटलाचा दाखला जोडा, पण त्याच्यावरच विसंबू नका.

पालकत्वाचं थोडक्यात: हिंदू अनौरस मुलाची नैसर्गिक पालक आधी आई, तिच्यानंतर बाप. पासपोर्टला डिसेंबर २०१६ पासून एका पालकाचं नाव पुरतं, पॅनला डिसेंबर २०१८ पासून एकट्या आईचं चालतं. १ मे २०२४ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी महाराष्ट्र शासनाच्या कागदांवर मुलाचं नाव, आईचं नाव, मग वडिलांचं आणि आडनाव असा क्रम आहे. जातीच्या दाखल्याला अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचे पुरावे लागतात आणि जातपडताळणी समिती ते बहुधा बापाकडचे मागते. मूल आईकडेच, आईच्या समाजात वाढलं असेल तर आईकडचे पुरावे द्या आणि ते का, हे अर्जातच लिहा.

गर्भ राहिला तेव्हा आई १८ च्या आत होती का, हे दोघांनी सही करण्याआधी मोजा. असेल तर पॉक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा) लागतो, संमती होती हा बचाव चालत नाही, आणि बापाने नाव लावण्यासाठी दिलेलं प्रतिज्ञापत्र त्याच्याविरुद्ध पुरावा होऊ शकतं. अशा जोडप्याने आधी फौजदारी वकिलाला भेटावं. दाखल्यातली कोरी जागा नंतरही भरता येते.